मामा म्हणजे आई : एका दुभाष्याचा शोध

(तरुण कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तुमची नोकरी' असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे तुम्हांला यूट्यूबवर रोज भेटतात. मी त्यांना म्हटलं, मला माझ्या हातून एकदा बिघडलेल्या आणि मग कसंबसं सावरलेल्या एका कामाबद्दल बोलू द्या. ते काम म्हणजे इंग्रजीतून स्वाहिलीत करून सांगणारा दुभाषी शोधणं. कंपनीच्या बैठकीसाठी नव्हे, तर गोष्टी सांगण्याच्या कार्यक्रमासाठी. संयोजक थोडे गोंधळले, पण हो म्हणाले. त्यांचे आभार.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनीच्या कामासाठी सव्वा वर्ष टांझानियात, दार-ए-सलामला होतो. स्वाहिली ही टांझानियाची आणि केनियाची राष्ट्रभाषा. युगांडात आणि काँगोच्या पूर्व भागातही ती चालते. 'स्वाहिली' हा शब्दच अरबी 'सवाहिल'वरून आला आहे. साहिलचं अनेकवचन, म्हणजे किनारे. आपल्यातल्या निम्म्या पोरांची नावं साहिल असतात, म्हणजे ओळख तिथूनच सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात मी फार खुशीत होतो. पेसा म्हणजे पैसे. दुका म्हणजे दुकान. गारी म्हणजे गाडी. बीमा म्हणजे विमा. लाकी म्हणजे लाख. चपाती म्हणजे चपातीच. किताबू, हबारी, दुनिया. मी घरी फोन करून सांगितलं, अम्मी, ही तर आपलीच भाषा आहे, महिन्याभरात बोलायला लागतो. मग ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, उद्या माझा काका तुला न्यायला येईल. मी रस्त्यावर एखादे वयस्कर गृहस्थ शोधत उभा, आणि समोर वीस वर्षांचा पोरगा मोटारसायकलवर बसून हात करतोय. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण. मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच राहिले.

शब्द आपले वाटले तरी भाषा आपली नसते. स्वाहिली मुळात बांटू कुळातली आहे. अरबी शब्द तिने पुष्कळ घेतले, पण स्वतःच्या व्याकरणात बसवून घेतले. 'किताबू'चं अनेकवचन 'विताबू'. कारण 'कि'ने सुरू होणाऱ्या त्यांच्या अनेक नामांचं अनेकवचन 'वि'ने होतं. अरबी किताब त्या नियमात गेली, संपलं. 'हदिथी' म्हणजे गोष्ट, कोणतीही गोष्ट, सशाची आणि सिंहाचीसुद्धा. 'रिवाया' म्हणजे कादंबरी. 'तफसिरी' म्हणजे भाषांतर. आमच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'हदिथी' छापलेलं पाहून मी दचकलो होतो. शेजारच्या माणसाला ते अगदी साधं वाटत होतं.

आता कार्यक्रमाबद्दल. मुंबईची माझी एक मैत्रीण गोष्टी सांगते. रंगमंचावर एकटी बसून, पाऊण तास. तिची सगळ्यांत चांगली गोष्ट तिच्या नानीची आहे. नानी रत्नागिरी जिल्ह्यातली, खाडीकाठच्या गावातली. तिचा नवरा बोटीने आफ्रिकेला गेला, टांगा नावाच्या बंदरात शिवणकाम करत राहिला. कोकणातली मुसलमान माणसं जहाजांवर आणि जहाजांतून दूर दूर गेली हे तुमच्यातल्या कोकणी घरांना सांगायला नको. नानी इकडे त्याच्या पत्रांची वाट बघते. तिला वाचता येत नाही, पत्र दुसरं कुणी वाचून दाखवतं. गोष्ट मूळची कोकणी आणि मराठी मिसळलेली. परदेशात सांगण्यासाठी तिने ती इंग्रजीत बांधली होती. टांगा हे टांझानियातलंच बंदर, म्हणून तिला ती गोष्ट तिथे जाऊन सांगायची होती. एक प्रयोग दारमध्ये, एक झांझिबारला.

मी म्हटलं, ये, इंग्रजी चालेल. पण तसं नव्हतं. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत असते, इंग्रजी माध्यम नंतर येतं. कामापुरतं इंग्रजी अनेकांना समजतं. पण गोष्ट ऐकताना हसू यायला हवं, घसा दाटायला हवा, आणि तो कामापुरत्या भाषेत दाटत नाही. तेव्हा दुभाषी हवा. ती जबाबदारी माझ्यावर, कारण मी तिथे होतो आणि मला लॅपटॉप चालवता येतो.

मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. फ्रीलान्स कामं मिळतात अशा एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली. 'इंग्रजी ते स्वाहिली, एक दिवस, कला-साहित्याचा कार्यक्रम.' दोन दिवसांत चाळीसच्या वर अर्ज आले. बहुतेक अनुवादकांचे. इथे माझी पहिली चूक. अनुवादक आणि दुभाषी हे दोन वेगळे धंदे आहेत हे मला माहीत नव्हतं. अनुवादक लिहितो, खोडतो, कोश बघतो, उद्या परत वाचतो. दुभाषी उभा राहून बोलतो, आणि तोंडातून गेलेला शब्द त्याला परत घेता येत नाही. स्वाहिलीत दोघांना वेगवेगळे शब्द आहेत. लिहिणारा तो 'म्फसिरी', बोलणारा तो 'म्कालिमानी'. मला तो शब्द ऐकला की कलिमा आणि कलाम आठवतो. आपल्याकडेही दुभाषी आहे, तर्जुमान आहे. पण जाहिरात लिहिताना आपण सगळ्यांना 'ट्रान्सलेटर' म्हणून टाकतो.

यादी छोटी करत करत दोन नावं उरली. एक तरुण, किनाऱ्याकडचा, नाव मुस्लीम. पाच तारे, शेकडो कामं. मोबाईल ॲपचे मजकूर, औषधांची माहितीपत्रकं. दर कमी. त्याचं उत्तर आलं, 'नो प्रॉब्लेम सर.' दुसरी एक बाई, चाळिशीच्या. म्बेयाच्या. म्बेया हे दक्षिणेकडचं डोंगरातलं शहर, समुद्रापासून खूप आत. नाव ख्रिस्ती. दर अडीचपट. आणि उत्तराबरोबर तीन प्रश्न. गोष्टीची दोन पानं मी नमुना म्हणून जोडली होती, त्यावरचे.

मी तरुणाला घेतलं. आज खरं सांगतो, फक्त पैशांमुळे नाही. माझ्या मनात असं होतं, की गोष्ट मुसलमान घरातली आहे, नमाज आहे, ईद आहे, किनारा आहे. डोंगरातल्या ख्रिस्ती बाईला हे काय कळणार? आणि तिची स्वाहिली तरी अस्सल असेल का? हा शेवटचा प्रश्न मी तिच्याबद्दल मनातल्या मनात विचारला. तुम्ही सगळ्यांनी तो उलट्या बाजूने ऐकलेला आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा दर वर्षी कुणीतरी कौतुकाने म्हणायचं, 'अरे, तुझं मराठी किती छान आहे!' माझा जन्म साताऱ्याचा, शाळा मराठी, शिव्या मराठी. तेव्हा मला जे वाटायचं तेच मी दार-ए-सलामला बसून दुसऱ्या माणसाबाबत केलं. मुसलमानाची भाषा उर्दू, हे जितकं अर्धवट आहे तितकंच स्वाहिली म्हणजे किनाऱ्यावरच्या मुसलमानांची भाषा हेही. भाषा वाढली किनाऱ्यावर, हे खरं. शाळांसाठी प्रमाण रूप ठरवलं तेव्हा झांझिबारची बोली पाया धरली, हेही खरं. पण आज ती कोट्यवधी लोकांची रोजची भाषा आहे. त्यातले अनेक जण घरी आणखी एक भाषा बोलतात, आणि ते सगळ्या धर्मांचे आहेत.

मैत्रीण आली. मुख्य प्रयोगाच्या आधी वीस-पंचवीस लोकांसमोर एक तालीम ठेवली, ही एक गोष्ट मी नशिबाने बरोबर केली. ती तीन-चार मिनिटं बोलायची, मग तो तरुण बोलायचा. नानी विहिरीवर उभी आहे, पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकते, तो आपल्या दारावरून पुढे निघून जातो, ती रिकामी कळशी घेऊन घरी येते. मैत्रिणीने हे तीन मिनिटं सांगितलं. तरुणाने अर्ध्या मिनिटात संपवलं. माझ्या मोडक्या स्वाहिलीतही कळलं की तो म्हणतोय, 'त्या दिवशी पत्र आलं नाही.' लोक शांत बसले होते. सभ्य माणसं कंटाळल्यावर बसतात तशी. मैत्रिणीचा आवाज हळूहळू लहान होत गेला.

त्या तरुणाची चूक नव्हती. तो त्याच्या कामात चांगला असणार. त्याला मंचावर उभं राहायची सवय नव्हती, आम्ही त्याला गोष्ट आदल्या रात्री दिली होती, आणि तीन मिनिटांचं बोलणं कागद-पेन्सिलीशिवाय डोक्यात ठेवायला सांगितलं होतं. आम्ही त्याचे पूर्ण पैसे दिले. त्याने नको म्हटलं, पण दिले.

मग मी म्बेयाच्या बाईंना फोन केला. त्या दारमध्येच राहत होत्या. मी माफी मागितली, कशाबद्दल ते नीट सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. भेटल्यावर मी म्हटलं, तुम्ही हे काम कुठे शिकलात? मला वाटलं विद्यापीठ सांगतील. त्या म्हणाल्या, चर्चमध्ये.

पूर्व आफ्रिकेत बाहेरून आलेला धर्मोपदेशक इंग्रजीत प्रवचन देतो, तेव्हा त्याच्या शेजारी एक जण उभा राहून वाक्यागणिक स्वाहिली करतो. नुसता अर्थ नाही सांगत. त्याने आवाज चढवला की हाही चढवतो, त्याने हात उगारला की हाही उगारतो, तो कुजबुजला की हाही कुजबुजतो. समोर हजार माणसं. जरा अडखळलं की सगळ्यांना कळतं. या बाईंनी हे काम वयाच्या सतराव्या वर्षापासून केलं होतं. म्हणजे ज्या कारणाने मी त्यांना वगळलं, नेमक्या त्याच जागी त्या आम्हांला हवं ते शिकल्या होत्या.

आता त्यांचे तीन प्रश्न सांगतो. दुभाषी कसा निवडायचा हे मला त्या प्रश्नांनीच शिकवलं.

पहिला प्रश्न : गोष्टीत पत्र वाचून दाखवणारा 'अंकल' आहे, तो आईकडचा की वडिलांकडचा? स्वाहिलीत आईचा भाऊ 'म्जोम्बा'. वडिलांचा भाऊ वेगळा, आणि तो वडिलांपेक्षा मोठा की धाकटा यावर 'बाबा म्कुब्वा' की 'बाबा म्दोगो' ते ठरतं. इंग्रजीतल्या 'अंकल'मध्ये मामू, चाचा, खालू सगळे एकाच पोत्यात. मराठीतून कोकणीतून आलेला मामू इंग्रजीत अंकल झाला आणि स्वाहिलीच्या दारात पुन्हा मामू व्हायला उभा राहिला. प्रश्न न विचारणाऱ्याने तिथे काहीही लावलं असतं.

दुसरा प्रश्न : गोष्टीच्या मध्यात एक पत्र येतं, आणि लिहिणारी व्यक्ती बाई आहे हे इंग्रजीतल्या एका 'शी'मुळे कळतं. तिथे सभागृहात चुळबुळ व्हायला हवी. स्वाहिलीत 'तो' आणि 'ती' वेगळे नाहीतच. क्रियापदातही नाहीत. आपल्या मराठीत 'आला'-'आली' केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, तिथे ती सोयच नाही. बाईंनी विचारलं, इथे मी 'एक बाई' असं उघड म्हणू की दोन वाक्यं थांबून दुसऱ्या खुणेने कळू देऊ? मैत्रीण म्हणाली, थांबून. मग त्यांनी दोघींनी मिळून त्या पत्रात एका ओढणीचा उल्लेख घातला.

तिसरा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चिडलो होतो. इंग्रजी मजकुरात एक ओझरतं वाक्य होतं, की दुकानात कोळशाची इस्त्री तापवायला एक 'शॉप बॉय' होता. बाईंनी विचारलं होतं, हा मुलगा किती वर्षांचा आहे? मुलगा असेल तर मी 'म्वुलाना' म्हणेन. मोठा माणूस असेल तर नोकर, 'म्तुमिशी' म्हणेन. आणि त्याचं नाव काय?

मैत्रिणीने मुंबईला आईला फोन लावला. आईने मामांना विचारलं. उत्तर आलं की तो मुलगा नव्हता, नानांपेक्षा वयाने मोठा होता. नाना आजारी पडले तेव्हा महिनाभर त्यानेच त्यांना जेवण आणून दिलं. नाव कुणालाच माहीत नाही. पत्रांमधून त्याचा उल्लेख 'बॉय' असाच यायचा. मैत्रीण त्या रात्री झोपली नाही. मूळ कोकणी गोष्टीत, इंग्रजी गोष्टीत, मुंबई-पुण्यातल्या इतक्या प्रयोगांत ते वाक्य कुणाच्या कानाला टोचलं नव्हतं. आम्ही सगळे माणसं-माणसं म्हणणारे, सभांना जाणारे. सकाळी तिने वाक्य बदललं : 'दुकानात एक माणूस होता. माझे नाना जगले ते त्याच्यामुळे. त्याचं नाव आमच्या घरात कुणाला आठवत नाही.' तिने नंतर मराठीतही ते तसंच ठेवलं आहे.

एवढं सांगितल्यावर काही कामाच्या गोष्टी भराभर सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी नाटक करतं, कुणी कवितांचे कार्यक्रम करतं, आणि बाहेरच्या भाषेचे पाहुणे तुमच्याकडेही येतील.

शोधायचं कुठे? पहिली जागा पुस्तकं. स्वाहिलीत आलेलं चांगलं पुस्तक घ्या आणि अनुवादकाचं नाव वाचा. झांझिबारमध्ये जन्मलेल्या अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. ते इंग्रजीत लिहितात. त्यांची 'पॅराडाइज' ही १९९४ची कादंबरी स्वाहिलीत 'पेपोनी' म्हणून आली ती २०२२ साली, नोबेलनंतर. भाषांतर इडा हाजिवायानिस यांचं, प्रकाशक दार-ए-सलामचे म्कुकी ना न्योता. असे प्रकाशक कुणाला कोण जमेल ते जाणतात. मग दार-ए-सलाम विद्यापीठातली स्वाहिलीची संशोधन संस्था, टांझानियाची राष्ट्रीय स्वाहिली परिषद 'बाकिता', नैरोबी विद्यापीठात तर दुभाष्यांचं रीतसर शिक्षण आहे. झांझिबारला चित्रपट महोत्सव आणि संगीत महोत्सव भरतात, तिथे मंचावर बोलणारी माणसं दिसतात. संकेतस्थळंही वापरा, मी ती टाळा म्हणत नाही. फक्त तारे मोजू नका, कारण ते तारे दुसऱ्याच कामाचे असतात.

पारखायचं कसं, जर आपल्याला ती भाषाच येत नाही? आमच्या धंद्यात प्रोग्रॅम आतून दिसत नसेल तर आत काय टाकलं आणि बाहेर काय आलं ते बघतात. मी तसंच केलं, पण दुसऱ्या वेळी. गोष्टीतली दोन मिनिटं दिली, त्यांचे पैसे दिले, स्वाहिलीतलं ध्वनिमुद्रण मागवलं. फुकट नमुना मागू नका, चांगली माणसं देत नाहीत आणि देऊही नयेत. मग ते मुद्रण ज्यांनी गोष्ट ऐकलेली नाही अशा दोघांना ऐकवलं. एक आमच्या इमारतीचा पहारेकरी, एक ऑफिसातली मुलगी. त्यांना म्हटलं, काय ऐकलंत ते मला सांगा. पहारेकऱ्याने पोस्टमनची घंटा सांगितली, कळशी सांगितली, आणि मग स्वतःच्या आईबद्दल बोलायला लागला. यापुढे मी काय तपासणार होतो?

पद्धत कुठली घ्यायची? कानाला यंत्र लावून बोलणाऱ्याबरोबरच भाषांतर ऐकण्याची पद्धत परिषदांना ठीक आहे. त्यात दुभाषी दोन लागतात, साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने बदलतात, कारण डोकं त्याहून जास्त चालत नाही. पण गोष्टीत त्याने घोळ होतो. इंग्रजी कळणारे आधी हसतात, बाकीचे पाच सेकंदांनी, आणि सांगणाऱ्याचा ताल जातो. आम्ही शेजारी उभं राहून, दोन-तीन वाक्यांनी आळीपाळीने बोलायचं ठरवलं. त्याने वेळ जवळपास दुप्पट होतो. पाऊण तासाची गोष्ट दीड तास चालली असती, म्हणून मैत्रिणीने तिचा एक तृतीयांश भाग कापला. रडत रडत कापला, पण कापला. बाईंना मजकूर आठ दिवस आधी दिला. दोघींनी तीन तालमी केल्या. त्या तालमींचे पैसे वेगळे, अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने. दुभाष्याचा हिशेब शब्दांवर होत नाही, वेळेवर होतो. कार्यक्रमाचा व्हिडिओ पुढे वापरायचा तर त्याची परवानगी वेगळी, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही एका पानावर लिहून घेतलं.

आणि भेटीची वेळ ठरवताना जपून. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. मी तालमीला दोनला या म्हटलं, म्हणजे सकाळी आठ की दुपारी दोन? बाई हसल्या आणि म्हणाल्या, कुठल्या भाषेतले दोन?

हे यंत्राकडून का करून घेतलं नाही, असं तुम्ही विचारणार. मी करून बघितलं, माझं पोट त्यावरच आहे. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, यांना ते उपयोगी पडतं. नानीच्या गोष्टीत त्याने अंकलचा काहीतरी नातेवाईक केला, आणि स्वाहिलीतून परत इंग्रजीत आणल्यावर पत्र लिहिणारी बाई पुरुष झाली. शॉप बॉयचा मुलगा झाला. त्याचं वय त्याने विचारलं नाही.

झांझिबारची हकिकत थोडी वेगळी. तिथल्या प्रयोगात मैत्रिणीला नानीच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या होत्या. बाईंनी स्वच्छ सांगितलं, गोष्ट मी करेन, ओव्या मला जमणार नाहीत, त्याला किनाऱ्यावरचं जुनं काव्य ज्याच्या कानात मुरलंय असं माणूस लागेल. म्हणजे मी ज्या गोष्टीची उगाच काळजी करत होतो, तिच्यातला खरा भाग कुठला ते त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांनीच झांझिबारच्या एका निवृत्त शिक्षकांचं नाव दिलं. मी त्यांना 'शिकामो' म्हणून सलाम केला, वडीलधाऱ्यांना तसंच म्हणायचं असतं, त्यांनी 'मरहबा' म्हटलं आणि लगेच विचारलं, ओवीत अक्षरं किती? मला सांगता आलं नाही. इंजिनिअर आहे. मैत्रिणीने गाऊन दाखवली. त्यांनी बोटं मोजली आणि 'उतेन्झी'चा घाट निवडला, आठ आठ अक्षरांच्या चार ओळी. १८५८ साली पाटे बेटाकडच्या म्वाना कुपोना यांनी आपल्या मुलीसाठी केलेलं काव्य त्याच घाटातलं आहे. आईने मुलीला सांगायचं ते याच चालीत येतं, असं ते म्हणाले. दोन दिवसांत त्यांनी पाच ओव्या लिहून दिल्या, बाईंनी त्या मंचावर म्हटल्या.

त्याच गुरुजींनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांची थोर गायिका सिती बिंती सआद १९२८ साली ध्वनिमुद्रिकांसाठी बोटीने आपल्या मुंबईला आली होती. मी मुंबईत सहा वर्षं राहिलो, मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी पदावर असताना शेक्सपिअर स्वाहिलीत आणला. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं नाव त्यांनी ठेवलं 'माबेपारी वा वेनिसी'. १९६९ साली. बेपारी म्हणजे आपला व्यापारी, गुजराती वेपारी, हिंदी महासागरातून गेलेला शब्द. पण तेव्हाच्या समाजवादी टांझानियात 'माबेपारी'चा अर्थ भांडवलदार असा झाला होता. एका व्यापाऱ्याचे न्येरेरेंनी भांडवलदार केले, आणि एकाचे अनेक केले. गुरुजी म्हणाले, तुमचेच दुकानदार डोळ्यांसमोर होते. ते हसत म्हणाले. मीही हसलो, पण टांगाचं शिवणकामाचं दुकान आठवलं.

दारचा प्रयोग कसा झाला ते सांगून थांबतो. बाईंनी सुरुवातीलाच मैत्रिणीला बाजूला ठेवून एकटीने हाक दिली, 'पाऊक्वा!' आणि सगळं सभागृह एका आवाजात म्हणालं, 'पाकावा!' गोष्ट सुरू करायची ती त्यांची जुनी रीत. मैत्रीण तोंडाकडे बघत राहिली, कारण हे तालमीत नव्हतं. त्यानंतर तिचा आवाज लहान झाला नाही. इस्त्री तापवणाऱ्या माणसाच्या वाक्यावर बाई थोडं जास्त थांबल्या. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने काहीतरी बोलले, लोकांनी माना डोलावल्या. मी नंतर विचारलं, काय म्हणाले ते? बाई म्हणाल्या, तीन नावं घेतली त्यांनी. टांगात शिंप्यांकडे इस्त्री करणाऱ्या ओळखीच्या माणसांची. म्हणाले, यातला कुणी असेल, विचारून बघा.

मैत्रिणीने ती तीन नावं लिहून घेतली आहेत. टांगाला अजून कुणी गेलेलं नाही. माझ्याकडे बाईंचा नंबर आहे, तो मी शिबिराच्या गटावर टाकणार नाही, पण कुणाला खरंच काम असेल तर त्यांना विचारून देईन. त्यांचा दर आता वाढला आहे.